पासंग

फलकावर शंभर लिहिलंय.
शंभर म्हणजे शंभरच, असं इथं कुणी मानत नाही,
मीही नाही.
एकशे दहापर्यंत मी मान वर करत नाही,
एकशे पंधराला थर्मासचं झाकण लावते,
पुढचं माणूस बघून.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
पहिल्या वर्षी सार्जंट ट्रेम्ब्लेनं सांगितलं होतं
सूर्यफुलाच्या बिया चघळत:
कायदा रेजायनात बसून केलाय, पोरी,
रस्त्यावर तू बसणार आहेस.

सोळा वर्षं बसलेय
ससकॅचवानच्या या सपाटीवर,
जिथं येणारी गाडी इतक्या लांबून दिसते
की तिच्याबद्दल मत बनवायला
भरपूर वेळ मिळतो.

एकशे चोवीस: गाय अडली होती त्याची,
मागच्या सीटवर दोर आणि बादली. जा म्हटलं.
एकशे एकतीस: रात्रपाळी करून निघालेली नर्स,
पायात अजून दवाखान्यातलेच बूट,
माझ्याशी बोलता बोलता डोळे मिटत होते.
घरापर्यंत तिच्या मागं मागं गेले.
एकशे सोळा: हुज्जत घातली.
पावती फाडली.
सोळाला दंड, एकतीसला माफी,
आणि झोप मला दोन्ही रात्री लागली.

फेब्रुवारीत, उणे एकतीसमध्ये,
हल्डरसनचा पांढरा ट्रक गेला. एकशे एकोणीस.
त्यानं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली,
मीही उचलली.
त्याची बायको माझ्या पोराला स्केटिंग शिकवते.
मागून एक जुनी पाँटियाक,
एका दिव्याला चिकटपट्टी,
रिझर्व्हच्या फाट्यावरून वळलेली.
एकशे अठरा.
हात आपोआप दिव्यांच्या बटणावर गेला.

काच खाली होईना म्हणून तिनं दारच उघडलं.
फिलोमीन ओकेमॉ, वय शाहत्तर.
शेजारच्या सीटवर शिवणयंत्र,
त्याला नीट पट्टा लावलेला.
मी थांबले, सवयीनं,
कारण माणसं काहीतरी सांगतात या वेळी,
आणि सांगणाऱ्यांना मी बहुतेकदा सोडते.
तिनं काही सांगितलं नाही. विचारलं:
"पुढचा पांढरा ट्रक किती होता?"
मी गप्प.
"मी मुद्दाम त्याच्या मागं राहिले.
म्हटलं, त्याला चालतं तेवढं चालत असेल."
मी म्हटलं, मी तुमच्याबद्दल बोलतेय.
"हो ना," ती म्हणाली. "नेहमी तसंच असतं."

पेनातली शाई गोठली होती.
काखेत धरून उभी राहिले, मिनिटभर,
वाऱ्याकडं पाठ करून.
माझे आजोबा एलिव्हेटरवर काट्याशी असायचे.
रिकामी पारडीसुद्धा सारखी नसतात म्हणायचे,
पासंग लावावाच लागतो.
गहू घेऊन आलेले लोक
त्यांच्या पाठीमागं म्हणायचे, मापात पाप आहे.
मला लहानपणी त्या लोकांचा राग यायचा.

शाई उतरली.
कागद दिला. तिनं विचारलं, किती भरायचे?
काही नाही, समज दिलीय फक्त.
तिला आनंद वगैरे झाला नाही.
"बरं. म्हणजे आज."
शिवणयंत्राचा खण उघडून तिनं कागद आत ठेवला.
खणात बॉबिन होती, खडू होता,
आणि घडी घातलेले पिवळे कागद, चारपाच.
वरच्यावर सही माझी.
मला तिचा चेहरा आठवत नव्हता.

ती गेली शहाण्णवनं.
क्षितिजाशी ठिपका होईपर्यंत शहाण्णव,
यंत्रावर आकडा हलला नाही.

चार वाजता हल्डरसन परत आला,
एकशे एकवीस.
लांबूनच दोन बोटं वर.
थर्मासचं झाकण माझ्या हातात होतं.